गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे रुग्णाला कोणी सांगायचे?

मार्च २०२० मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांपुढे एक विचित्र प्रश्न येऊन पडला. सकाळच्या चहानंतर वर्षानुवर्षे घेतली जाणारी गोळी करोनाच्या विषाणूला शरीरात शिरायला मदत तर करत नाही ना? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यामागे जीवशास्त्र होते आणि तो एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकातून पुढे आला होता. पुढच्या वर्षभरात त्याचे बऱ्यापैकी ठोस उत्तरही मिळाले. माझी तक्रार उत्तराबद्दल नाही, त्याच्या प्रवासाबद्दल आहे. शंका इंदूरच्या रामबागेत आणि सुदामानगरात काही दिवसांत पोहोचली. उत्तर मात्र आजही तिथल्या अनेक घरांत पोहोचलेले नाही. याचा दोष रुग्णांच्या भोळेपणाला देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण रक्तदाबाचा उपचार आपण ज्या तऱ्हेने चालवतो, त्यातच या गोंधळाचे मूळ आहे असे मला वाटते.

आधी शंका काय होती ते नीट समजून घ्यायला हवे, कारण ती समजून न घेताच तिला ‘अफवा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मूत्रपिंडातून रेनिन नावाचे द्रव्य स्रवते, त्यातून सुरू होणाऱ्या साखळीच्या शेवटी अँजिओटेन्सिन-२ तयार होते, आणि ते रक्तवाहिन्या आवळते व शरीरात मीठपाणी धरून ठेवते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारखी ‘प्रिल’ गटातील औषधे हे द्रव्य तयार करणाऱ्या एसीई या विकरालाच (एन्झाइमलाच) आवर घालतात, तर टेल्मिसार्टन, लोसार्टन ही सार्टन गटातील औषधे त्या द्रव्याला पेशीवर आपले काम करू देत नाहीत. एसीई-२ हे त्याच घराण्यातले, पण उलट वागणारे विकर असून ते अँजिओटेन्सिन-२ चे विघटन करते. करोनाच्या कुळातलाच सार्सचा विषाणू पेशीत शिरताना याच एसीई-२ ला चिकटतो, हे २००३ मध्ये सिद्ध झाले होते आणि नव्या विषाणूनेही तीच वाट धरली. त्यातच २००५ मध्ये उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात लिसिनोप्रिल आणि लोसार्टन दिल्यावर हृदयातील एसीई-२ चे प्रमाण वाढल्याचे दिसले होते. हे सगळे एका ओळीत मांडले की निष्कर्ष आपोआप समोर येतो: औषध घेणाऱ्याच्या शरीरात विषाणूसाठी दारे जास्त. ११ मार्च २०२० रोजी ‘लॅन्सेट’ समूहाच्या श्वसनविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पत्राने नेमकी हीच शक्यता मांडली.

मात्र त्याच २००५ साली झालेले दुसरे काही प्रयोग बरोबर उलट दिशेला बोट दाखवत होते. एसीई-२ नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसांना तीव्र आजारात अधिक इजा झाली. सार्सच्या विषाणूच्या काटेरी प्रथिनामुळे फुप्फुसातील एसीई-२ कमी झाले. आणि त्यातून होणारी हानी लोसार्टनने सौम्य झाली. म्हणजे त्याच ज्ञानाच्या बळावर कोणी म्हणू शकत होते की गोळी घातक आहे, आणि कोणी म्हणू शकत होते की गोळी तारक आहे. दोन्ही बाजू कागदावर सारख्याच पटणाऱ्या. अशा वेळी तर्काने तर्क खोडून काढण्यात अर्थ नसतो. माणसांत पाहावे लागते.

माणसांतली पहिली आकडेवारी चीनमधून आली आणि तिने भीतीत भर घातली, कारण गंभीर आजारी पडलेल्यांत रक्तदाबाचे रुग्ण बरेच होते. पण साठी-सत्तरीच्या माणसांत रक्तदाब असतोच असतो, आणि करोनाने मारली ती मुख्यतः त्याच वयाची माणसे. शिवाय ज्याला रक्तदाब आहे त्याला अनेकदा मधुमेह आहे, मूत्रपिंड थकलेले आहे, हृदय कमजोर आहे. गोळी घेणारा आणि न घेणारा यांची तुलना करताना प्रत्यक्षात आपण आजारी म्हातारा आणि धडधाकट तरुण यांची तुलना करत असतो. हा मुद्दा वैद्यकीय संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्गातला असला, तरी दूरदर्शन वाहिन्यांवरच्या चर्चेत त्याला क्वचितच जागा मिळाली.

तज्ज्ञांच्या संघटना मात्र आश्चर्य वाटावे इतक्या लवकर जाग्या झाल्या. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या रक्तदाबविषयक मंडळाने १३ मार्चला आणि अमेरिकेतील तीन प्रमुख संघटनांनी एकत्रितपणे १७ मार्चला निवेदन काढले: औषधे थांबवू नका, सध्याच्या पुराव्यावरून तसे करण्याला आधार नाही. शंका आणि सल्ला यांत आठवडाभराचेही अंतर नव्हते. पण हा सल्ला होता डॉक्टरांसाठी, डॉक्टरांच्या भाषेत, डॉक्टरांच्या संकेतस्थळांवर. त्यानंतर तो डॉक्टरकडून रुग्णाकडे झिरपेल असे गृहीत धरले गेले, आणि नेमक्या त्याच दिवसांत डॉक्टरकडून रुग्णाकडे जाणारी वाट बंद झाली होती.

इंदूरपुरते बोलायचे तर ही वाट कशी बंद झाली ते ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शहरात पहिले रुग्ण सापडले आणि एप्रिलमध्ये देशातील सर्वाधिक फटका बसलेल्या शहरांत आपले नाव आले. शहरात कर्फ्यू, मोहल्ल्यातले दवाखाने बंद, मोठ्या रुग्णालयांत फक्त करोना. त्या एप्रिलमध्ये इथे खाजगी व्यवसाय करणारे डॉक्टरही करोनाने दगावले, तेव्हा बाकीच्यांनी दवाखाने बंद ठेवले याबद्दल त्यांना बोल लावणे अन्यायाचे होईल. पण परिणाम असा झाला की ज्यांना वीस वर्षे एकाच फॅमिली डॉक्टरने ‘चालू ठेवा’ म्हणून सांगितले होते, त्यांना ते पुन्हा एकदा सांगणारा कोणी उरला नाही.

लोकमान्यनगरात आमच्या ओळखीचे एक निवृत्त काका आहेत. माणूस वाचणारा, हिशेबी, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे आणि स्वतःचा रक्तदाब एकाच पेनाने लिहून ठेवणारा. त्यांनी त्या एप्रिलमध्ये गोळी बंद केली, कारण मोबाइलवर आलेल्या एका संदेशात ‘बीपीच्या गोळ्यांनी करोना वाढतो’ असे लिहिले होते आणि खाली कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचे नाव होते. दिनदर्शिकेवरचे आकडे हळूहळू चढत गेले, दीडशे, एकशे साठ, एकशे अडुसष्ट, आणि मग त्यांनी मोजणेच सोडून दिले. लॉकडाऊन सैल झाल्यावर त्यांच्या पुतण्याने औषधांचा डबा उघडून पाहिला तेव्हा कळले की त्यांची गोळी अ‍ॅम्लोडिपिनची होती. या औषधाचा एसीई-२ च्या सगळ्या भानगडीशी काही संबंधच नाही. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील कॅल्शियमचा मार्ग अडवून काम करते. पुतण्याने तसे सांगितल्यावर काका म्हणाले, “अरे, बीपीची गोळी ती बीपीची गोळी, मला कधी कोणी सांगितलं होतं की त्यात जाती असतात?” काकू आतून म्हणाल्या, “आणि सांगितलं असतं तरी ते इंग्रजीतच.”

काकांना काही झाले नाही, त्यामुळे हा प्रसंग आता घरात विनोद म्हणून सांगितला जातो. पण त्यांचा प्रश्न मला मोठा वाटतो. स्वतःच्या गोळीचा गट माहीत नसलेल्या माणसासाठी कुठलीही नेमकी सूचना निरुपयोगी असते. त्याच्यापर्यंत पोहोचते ती फक्त सरसकट भीती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष रक्तदाबाचे रुग्ण होते. त्यांतल्या किती जणांना आपण ‘सार्टन’ घेतो की ‘प्रिल’, एवढे तरी सांगता येईल? माझ्या परिचितांत तरी फारच थोड्यांना. औषध दुकानदारही त्यांना चिठ्ठीवरून ओळखत नाही. रिकाम्या पाकिटाचा कापलेला तुकडा दाखवला की तेच पुढे येते. कायद्याने ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात, पण पाच वर्षांपूर्वीची घडी पडलेली चिठ्ठी हीसुद्धा चिठ्ठीच मानली जाते.

आता उत्तर कसे आले ते पाहू. १ मे २०२० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने तीन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध केले. इटलीतील लोम्बार्डीच्या अभ्यासात करोनाचे ६,२७२ रुग्ण आणि त्यांच्याशी वय, लिंग व वास्तव्याचे ठिकाण जुळवलेले ३०,७५९ इतर लोक होते. न्यूयॉर्कच्या अभ्यासात चाचणी झालेल्या १२,५९४ जणांच्या नोंदी होत्या. या औषधांमुळे लागण वाढते किंवा आजार गंभीर होतो असे दोन्हींत आढळले नाही. तिसरा अभ्यास अनेक देशांतील रुग्णालयांच्या माहितीवर आधारलेला होता आणि त्याचाही निष्कर्ष ‘धोका नाही’ असाच होता. पण ती माहिती सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीने पुरवलेली होती, तिची सत्यता कोणालाच पडताळून पाहता आली नाही, आणि ४ जूनला तो लेख मागे घेण्यात आला. त्याच दिवशी त्याच कंपनीच्या माहितीवर उभा असलेला, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीचा लेख ‘लॅन्सेट’नेही मागे घेतला.

या तिसऱ्या अभ्यासापाशी थोडे थांबले पाहिजे. औषधांचा धोका नाही, हा त्याचा निष्कर्ष पुढे खरा ठरला. तरीही तो मागे घेतला गेला, आणि ते योग्यच होते, कारण पुराव्याशिवायचे बरोबर उत्तर आणि पुराव्याशिवायची अफवा यांची जात एकच आहे. पण सामान्य वाचकाच्या मनावर याचा काय ठसा उमटला असेल? त्याने मार्चमध्ये ऐकले की गोळी धोक्याची. मेमध्ये ऐकले की नाही, सुरक्षित. जूनमध्ये ऐकले की सुरक्षित म्हणणारा अभ्यासच बनावट निघाला. उरलेले दोन अभ्यास भक्कम होते हे त्याला कोण सांगणार? शास्त्राच्या जगात ही घटना स्वतःची चूक सुधारण्याच्या क्षमतेचे उदाहरण ठरली असेल, पण मोहल्ल्यात तिने ‘या लोकांचे काही खरे नाही’ या जुन्या मताला बळ दिले, आणि ते मत बाळगणाऱ्याला मूर्ख ठरवण्याचा अधिकार मला तरी आहे असे वाटत नाही.

नोंदींच्या अभ्यासाला मर्यादा असतातच, म्हणून काही देशांनी पुढचे पाऊल टाकले. ब्राझीलमध्ये ही औषधे आधीपासून घेणाऱ्या आणि करोनामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या ६५९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाची औषधे ३० दिवस थांबवली, दुसऱ्याची चालू ठेवली. जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार महिनाभरात जिवंत आणि रुग्णालयाबाहेर राहिलेले सरासरी दिवस थांबवणाऱ्यांत २१.९ आणि चालू ठेवणाऱ्यांत २२.९ होते, तर मृत्यूचे प्रमाण २.७ आणि २.८ टक्के, म्हणजे जवळपास एकच. सात देशांतील १५२ रुग्णांच्या चाचणीनेही फरक दाखवला नाही. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील २०४ वयस्क रुग्णांच्या चाचणीत मुख्य निकषावर फरक आढळला नाही, पण काही दुय्यम निकषांवर औषध थांबवलेले रुग्ण किंचित लवकर सावरल्याची चिन्हे होती. हे शेवटचे वाक्य अनेकजण गाळतात. मला ते गाळावेसे वाटत नाही, कारण खूप वृद्ध आणि नाजूक प्रकृतीच्या रुग्णाबाबत डॉक्टरने वेगळा विचार करायला जागा आहे, हेच त्यातून दिसते.

शंकेची उलटी बाजूही तपासली गेली आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. ही औषधे तारक असतील तर ती पूर्वी न घेणाऱ्या करोनाच्या रुग्णांना नव्याने देऊन पाहू, असा हेतू ठेवून भारत आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीत ७८७ रुग्ण होते, त्यातले बहुतेक सगळे आपल्याकडचे, आणि भारतात वापरलेले औषध टेल्मिसार्टनच. २०२२ मध्ये तिचा निकाल आला: फायदा नाही. २०२३ मध्ये अत्यवस्थ रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीने तर असे दाखवले की अतिदक्षता विभागात ही औषधे नव्याने सुरू केल्यास प्रकृती सुधारत नाहीच, उलट बिघडण्याची शक्यताच अधिक. म्हणजे ‘चालू असलेली गोळी चालू ठेवणे’ आणि ‘नसलेली गोळी सुरू करणे’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर हो, दुसऱ्याचे नाही. ‘गोळी चांगली की वाईट’ असे विचारणाऱ्याला यातले काहीच हाती लागणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो समंजस माणसेही घेतात: उत्तर येईपर्यंत सावधगिरी म्हणून दोन आठवडे गोळी थांबवली असती तर काय बिघडले असते? सावधगिरी हा शब्द ऐकायला नेहमी चांगला वाटतो, पण इथे थांबवणे हेही एक कृत्यच होते आणि त्याचे परिणाम शंकेसारखे कल्पित नव्हते, ठाऊक असलेले होते. सार्टन किंवा प्रिल थांबवल्यावर रक्तदाब काही दिवसांत पूर्वपदावर, म्हणजे वरच्या पातळीवर जातो. ज्यांचे हृदय कमजोर आहे त्यांच्यासाठी ही औषधे रक्तदाबापुरती नसतात. ती बंद झाल्यावर दम लागणे, पाय सुजणे हे पुन्हा सुरू होऊ शकते. रक्तदाबाचेच, पण वेगळ्या गटातले अ‍ॅटेनोलॉलसारखे औषध अचानक तोडले तर छातीत दुखण्याचा आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, आणि आपल्या काकांप्रमाणे ज्यांना गटच ठाऊक नाही ते सगळेच तोडतात. औषध बदलून घ्यायचे म्हटले तर नवी मात्रा बसेपर्यंत दोन-चार वेळा तपासणी लागते, रक्तातील पोटॅशियम पाहावे लागते. कर्फ्यूच्या शहरात ते कोण करणार होते? शिवाय विषाणूजन्य ताप हा आधीच हृदयावर ताण आणणारा असतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या २०१८ च्या अभ्यासात इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सहापट आढळले होते. अशा आठवड्यात रक्तदाब मोकाट सोडणे याला सावधगिरी कसे म्हणायचे?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाच्या हातात, साथ नसतानाच, आजारपणातील औषधांची एक लेखी सूचना असली पाहिजे; त्याला वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे आपल्या शहरात हिंदीत, आणि ज्या घरांत आजी-आजोबा अजून मराठीच सहज वाचतात तिथे मराठीत. त्यावर त्याच्या गोळीचे नाव आणि गट लिहिलेला असावा. साध्या सर्दी-तापात गोळी चालू ठेवायची, हे पहिले वाक्य असावे. पण उलट्या-जुलाबांनी शरीरातले पाणी आटले असेल, लघवी कमी झाली असेल, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर सार्टन, प्रिल आणि लघवी वाढवणारी गोळी काही दिवस थांबवावी लागू शकते आणि त्यासाठी लगेच डॉक्टरांना फोन करायचा, हे दुसरे. ही सूट महत्त्वाची आहे, कारण ‘कधीच थांबवू नका’ ही घोषणाही ‘लगेच थांबवा’ इतकीच आंधळी आहे, आणि अशा वेळी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आणि गोळीइतकेच लक्ष तिच्या शेजारी येऊन बसणाऱ्या औषधांवर हवे. ताप आला की दुकानातून जी सर्दीची गोळी आणली जाते, तिच्यात बहुधा फेनिलेफ्रिनसारखे नाक मोकळे करणारे औषध असते आणि ते रक्तदाब वाढवते. अंगदुखीसाठी मागून घेतलेले आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइड सार्टन आणि लघवीच्या गोळीबरोबर घेतले तर मूत्रपिंडावर तिहेरी भार पडतो. करोनाच्या काळात आम्ही ज्या गोळीला घाबरलो ती निर्दोष निघाली, आणि जी औषधे खरोखर जपून घ्यायला हवी होती ती घराघरांत मुठीने खाल्ली गेली. उलट रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्या काहींना त्या औषधानेच कोरडा खोकला होतो, दहांतल्या एखाद्याला तरी; २०२० मध्ये अशा खोकल्याने किती जण घरातल्या एका खोलीत कोंडून घेतले गेले असतील, कोण जाणे.

डॉक्टरमंडळी म्हणतील की ओपीडीत एका रुग्णाला तीन मिनिटे मिळतात, त्यात हे सगळे कधी समजवायचे? तक्रार खरी आहे, पण म्हणूनच तोंडी समजावण्यावर विसंबून चालणार नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात मध्य प्रदेश पहिल्या काही राज्यांपैकी होता. त्यात अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशी मोजकी औषधे ठरलेल्या क्रमाने दिली जातात आणि रुग्णाची नोंद ठेवली जाते. औषधे मोजकीच असल्याने सूचनाही मोजक्याच लागतील. रुग्णाच्या कार्डाच्या मागच्या बाजूला त्या छापता येतील. खाजगी दवाखान्यांसाठी हेच काम डॉक्टरांच्या स्थानिक संघटना करू शकतात, आणि दवा बाजारातल्या घाऊक विक्रेत्यांपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत प्रत्येक गल्ल्यावर तोच कागद असू शकतो. पुढच्या साथीत एखाद्या औषधाविषयी शंका निघाली तर राज्याच्या आरोग्य विभागाने तज्ज्ञांचे मत आणि त्याची तारीख या कागदाच्याच पुढच्या आवृत्तीत छापावी, आणि मत बदलले तर आधीचे काय बदलले व का बदलले तेही त्याच कागदावर लिहावे.